भूकंपासाठी आरसीसी इमारतीचे डिझाइन कसे सुधारावे: नव्या स्ट्रक्चरल इंजिनिअरसाठी क्रमवार मार्गदर्शन

महाराष्ट्रात भूकंप म्हटला की किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तिथे कोसळली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची घरे होती, आणि त्यामुळे ‘आपले बांधकाम आरसीसीचे आहे, आपल्याला काही होत नाही’ असा समज नकळत रुजला. २६ जानेवारी २००१ रोजी अहमदाबादेने तो खोटा ठरवला. भुजच्या भूकंपाचे केंद्र त्या शहरापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असूनही तिथल्या अनेक बहुमजली आरसीसी इमारती जमीनदोस्त झाल्या. खाली मोकळे पार्किंग, बारीक कॉलम, लांब-लांब बांधलेल्या रिंगा (उभ्या सळयांभोवती वळवलेल्या आडव्या सळया) आणि बाहेर काढलेल्या कॅन्टिलिव्हर बीमच्या टोकावर उभे केलेले वरच्या मजल्यांचे कॉलम, हे दोष त्या ढिगाऱ्यांत पुन्हा पुन्हा दिसले. आरसीसीचे काम शिकणाऱ्याने धडा घ्यायचा तो किल्लारीपेक्षा अहमदाबादेकडून.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे: पुण्यातली पार्किंग अधिक चार मजल्यांची निवासी इमारत, १२ मीटर बाय १८ मीटरचा प्लॅन, प्रत्येक मजला ३ मीटर, म्हणजे एकूण उंची १५ मीटर, खाली मध्यम प्रतीची जमीन. आकडे भूकंपाचे बल ठरवणाऱ्या आयएस १८९३ (भाग १) आणि सळई-रचनेचे नियम देणाऱ्या आयएस १३९२० या भारतीय संहितांच्या २०१६च्या आवृत्त्यांचे आहेत. प्रत्यक्ष काम हाती घेताना चालू आवृत्ती आणि तिच्या दुरुस्त्या पाहूनच पुढे जावे.

पायरी १: आर्किटेक्टचा प्लॅन गोठण्यापूर्वी आकार सुधारा

डिझाइनमधली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक सुधारणा संगणक सुरू करण्यापूर्वी होते. प्लॅनवर ट्रेसिंग पेपर ठेवून दोन्ही दिशांना बीमच्या रेषा ओढून पाहाव्यात. प्रत्येक रेषा इमारतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कॉलम ते कॉलम अशी सलग जाते का, की मधेच एखाद्या दुय्यम बीमवर जाऊन टेकते, हे तिथेच कळते. भूकंपाचे आडवे बल फ्रेममधूनच, म्हणजे बीम-कॉलमच्या चौकटीतूनच, खाली जाते, आणि बीम बीमवर टेकला की फ्रेम तिथे तुटते. एका दिशेला चार चांगल्या फ्रेम आणि दुसऱ्या दिशेला जेमतेम एक, असा प्लॅन आपल्याकडे सर्रास दिसतो, कारण सगळे कॉलम भिंतीत लपावेत म्हणून एकाच दिशेला लांब ठेवलेले असतात. निम्म्या कॉलमांची लांब बाजू एका दिशेला आणि उरलेल्यांची दुसऱ्या दिशेला फिरवून घ्यावी.

यानंतर एल, टी किंवा यू आकाराच्या पंखांकडे पाहावे. पंखाचे बाहेर आलेले माप त्या दिशेच्या एकूण मापाच्या १५ टक्क्यांहून अधिक असेल, तर आतल्या कोपऱ्यात ताण एकवटतो. अशा वेळी मधे मोकळी फट ठेवून पंख वेगळा करणे किंवा विश्लेषणात त्याची नीट दखल घेणे, एवढेच दोन मार्ग उरतात.

फ्लोटिंग कॉलमबद्दल, म्हणजे पायापर्यंत न जाता मधेच बीमवर उभ्या केलेल्या कॉलमबद्दल, मात्र तडजोड करू नये. आडवे बल पेलणाऱ्या मुख्य सांगाड्याचा भाग असलेला किंवा त्या सांगाड्याला आधार देणारा कॉलम अधांतरी ठेवण्यास संहितेने मनाई केली आहे. पार्किंगमध्ये एक गाडी जास्त बसावी म्हणून एखादा कॉलम ‘फक्त खालच्या मजल्यावर’ काढून टाकण्याची मागणी हमखास येते, आणि ती नाकारण्याची योग्य वेळ पहिल्या बैठकीतलीच असते. पालिकेकडे नकाशे दाखल झाल्यावर तोच नकार फार महाग पडतो.

पायरी २: पार्किंगचा मजला

वरच्या मजल्यांवर विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंती असतात. हिशेबात आपण त्यांना केवळ वजन समजतो, पण फ्रेम आडवी हलू लागली की प्रत्येक भिंत आपल्या चौकटीत तिरक्या टेकूसारखी अडते आणि मजला अतिशय ताठ होतो. पार्किंगमध्ये या भिंती नसतात. परिणामी वरचे चार मजले एका ठोकळ्यासारखे एकत्र सरकतात आणि जवळजवळ सगळे सरकणे तळमजल्याच्या कॉलमांच्या वाट्याला येते. नुसत्या फ्रेमचे मॉडेल केले तर संगणक हा दोष दाखवतच नाही, कारण त्याच्या लेखी सर्व मजले सारखेच मोकळे असतात. म्हणून भिंती तिरक्या स्ट्रटच्या रूपाने मॉडेलमध्ये घालून मगच मजल्यांच्या ताठरपणाची तुलना करावी. खालच्या मजल्याचा ताठरपणा वरच्यापेक्षा कमी निघाला, तर तो मजला ‘सॉफ्ट स्टोरी’ ठरतो.

यावर उपाय म्हणजे पायापासून गच्चीपर्यंत सलग जाणाऱ्या आरसीसी भिंती, ज्यांना साइटवर शिअर वॉल म्हणतात. त्या धरून मोकळ्या मजल्याचा ताठरपणा वरच्या मजल्याच्या ८० टक्क्यांहून आणि ताकद ९० टक्क्यांहून अधिक असावी, अशी अपेक्षा आहे. भिंतीची किमान जाडी १५० मिलिमीटर आहे, तथापि २०० मिलिमीटर घेतल्यास सळई बांधायला आणि काँक्रीट खाली पोहोचायला सोपे जाते. आपल्या उदाहरणात चार भिंती पुरेशा होतात का ते आधी तपासावे. दोन आडव्या दिशेला, दोन उभ्या दिशेला, शक्यतो प्लॅनच्या कडेला आणि समोरासमोर. जिन्याच्या बाजूची भिंत आणि दोन फ्लॅटमधली सामाईक भिंत या जागा आर्किटेक्ट सहसा नाकारत नाही.

एक चूक इथे वारंवार होते. लिफ्टचा आरसीसी डबा एका कोपऱ्यात असतो आणि ‘शिअर वॉल आहे की’ असे म्हणून विषय संपवला जातो. असा एकटा डबा ताकद देण्याऐवजी इमारतीला पीळ देतो, कारण ताठरपणाचे केंद्र त्याच्याकडे ओढले जाते आणि वजनाचे केंद्र प्लॅनच्या मध्यावरच राहते. मजल्याच्या एका टोकाचे सरकणे दुसऱ्या टोकाच्या दीडपटीहून जास्त आले, तर इमारत पिळाच्या दृष्टीने अनियमित ठरते. डबा मध्याकडे आणता येत नसेल, तर विरुद्ध कोपऱ्यात तोडीस तोड भिंत द्यावी.

पायरी ३: बल किती, आणि त्यातले आपण किती मोजतो

भूकंपाच्या धोक्यानुसार देशाचे झोन पाडलेले असतात. २०१६च्या आवृत्तीत मुंबई, पुणे, नाशिक आणि पणजी ही शहरे झोन ३ मध्ये येतात, नागपूर झोन २ मध्ये आणि कोयनेचा परिसर झोन ४ मध्ये. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप ध्यानात घेता या शेवटच्या नोंदीचे आश्चर्य वाटायला नको. झोन ३ चा गुणांक ०.१६ आहे. भिंती असलेल्या इमारतीचा नैसर्गिक दोलनकाल काढताना ०.०९ ला उंचीने गुणून पायाच्या त्या दिशेच्या लांबीच्या वर्गमुळाने भागतात. आपल्या इमारतीच्या १२ मीटरच्या दिशेत तो सुमारे ०.३९ सेकंद येतो. मध्यम जमिनीसाठी ०.५५ सेकंदांपर्यंत प्रतिसादाचा गुणांक २.५ असतो, म्हणजे आपण आलेखाच्या सपाट माथ्यावरच आहोत. राहणाऱ्यांची संख्या २०० हून कमी असल्याने महत्त्वाचा गुणांक १ आणि लवचीक फ्रेमसाठी ‘आर’ हा घटगुणांक ५ घेतला, तर झोनच्या गुणांकाचा निम्मा भाग, म्हणजे ०.०८, गुणिले २.५ भागिले ५, म्हणजे ०.०४ हे उत्तर मिळते. पाच स्लॅब, प्रत्येकी २१६ चौरस मीटर आणि भिंतींसह चौरस मीटरला ढोबळमानाने १२ किलोन्यूटन धरल्यास वजन सुमारे १३,००० किलोन्यूटन होते. चल भारापैकी नियमाप्रमाणे २५ टक्केच यात मोजायचा असतो. त्यावरून बेस शिअर, म्हणजे पायाशी येणारे एकूण आडवे बल, ५२० किलोन्यूटन येतो.

इथे क्षणभर थांबून ‘आर’ने भागण्यापूर्वीचा आकडा पाहावा. तो २,६०० किलोन्यूटन आहे. म्हणजे डिझाइनच्या पातळीच्या भूकंपात इमारत अजिबात न तडकता उभी ठेवायची असती, तर पाचपट बल घ्यावे लागले असते. पाचातले चार भाग आपण उधारीवर ठेवले, आणि ही उधारी फेडायची ती बीमच्या टोकांनी, वाकून पण न तुटता. ज्या फ्रेममध्ये तसे डिटेलिंग (सळयांची मांडणी) नाही तिच्यासाठी ‘आर’ ३ आहे, पण ती साधी फ्रेम झोन ३ आणि त्यावरच्या झोनमध्ये चालतच नाही. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ५ हा आकडा टाइप करताना आपण आयएस १३९२० चे प्रत्येक कलम पाळण्याची लेखी हमी देत आहोत, हे उमगलेले असावे. खाली जे सांगितले आहे ते सगळे या एका आकड्याच्या पोटात येते.

पायरी ४: मॉडेल

या भागावर नवखे इंजिनिअर सर्वाधिक वेळ घालवतात, पण खरे तर इथे मोजक्याच गोष्टी सांभाळायच्या असतात. तडकलेल्या काँक्रीटचा ताठरपणा धरण्यासाठी बीमचा जडत्व आघूर्ण ३५ टक्के आणि कॉलमचा ७० टक्के करावा. रिस्पॉन्स स्पेक्ट्रम विश्लेषणातून (इमारतीच्या वेगवेगळ्या दोलनप्रकारांचे परिणाम एकत्र करणाऱ्या पद्धतीतून) आलेला बेस शिअर वरच्या हातगणिताहून कमी आला, तर त्या प्रमाणात सर्व परिणाम वाढवून घ्यावेत. तो बहुधा कमीच येतो, कारण मॉडेलमधली उघडी फ्रेम खऱ्या इमारतीपेक्षा मऊ असते. आकस्मिक पिळासाठी ५ टक्के उत्केंद्रता लावावी. दोन मजल्यांमधले सापेक्ष सरकणे उंचीच्या ०.००४ पट, म्हणजे आपल्या ३ मीटरच्या मजल्याला १२ मिलिमीटर, यापेक्षा अधिक नसावे. पहिल्या तीन दोलनप्रकारांचे चलचित्र डोळ्यांनी पाहावे. पहिलाच प्रकार पिळाचा निघाला, तर पुढचे आकडे न वाचता पायरी २ कडे परत जावे.

पायरी ५: कॉलम बीमहून बलवान

पूर्वापार चालत आलेला नऊ इंची कॉलम, म्हणजे २३० मिलिमीटरचा, आता बसत नाही. कॉलमचे किमान माप ३०० मिलिमीटर आहे. मात्र त्याच कलमातली दुसरी अट अनेकांच्या नजरेतून सुटते: हे माप त्या जॉइंटमधून (बीम आणि कॉलम मिळतात त्या जागेतून) जाणाऱ्या बीमच्या सर्वांत जाड सळईच्या व्यासाच्या २० पटीहूनही कमी नसावे. बीममध्ये १६ मिलिमीटरची सळई घातली की ३२० मिलिमीटर लागतात आणि ३०० चा कॉलम नापास होतो. शिवाय कॉलमच्या लहान बाजूचे मोठ्या बाजूशी प्रमाण ०.४५ पेक्षा कमी नको. आपण ३५० बाय ४५० मिलिमीटरचा कॉलम घेऊ.

आता आतल्या एका जॉइंटचा हिशेब करू. बीम २३० बाय ५०० मिलिमीटर, एम२५ प्रतीचे काँक्रीट, एफई ५००डी प्रतीची सळई, टोकाला वर १६ मिलिमीटरच्या तीन आणि खाली दोन. वरच्या सळईमुळे बीमची नमनक्षमता सुमारे १०६ आणि खालच्या सळईमुळे सुमारे ७३ किलोन्यूटन-मीटर येते. इमारत एका बाजूला झुकते तेव्हा जॉइंटच्या एका बाजूचा बीम वरून ताणला जातो आणि दुसऱ्या बाजूचा खालून, म्हणून दोन्हींची बेरीज घ्यायची: १७९. तिच्या १.४ पट, म्हणजे सुमारे २५० किलोन्यूटन-मीटर, इतकी क्षमता जॉइंटच्या वरच्या आणि खालच्या कॉलमची मिळून असली पाहिजे, म्हणजे प्रत्येकी साधारण १२५. ही क्षमता त्या दिशेच्या सर्वांत कमी अक्षीय भारावर तपासावी, कारण भार कमी असताना कॉलमची नमनक्षमताही घटते. ३५० च्या दिशेत १६ मिलिमीटरच्या आठ सळया वरच्या मजल्यांवर कमी पडण्याची शक्यता आहे, तेव्हा २० मिलिमीटरच्या आठ घेऊन पाहावे. सुरक्षितता म्हणून बीममध्ये ‘थोडी जास्त’ सळई टाकण्याची सवय इथे उलटते. बीम जितका बलवान कराल तितका कॉलम मागे पडतो, आणि बीमऐवजी कॉलम मोडला तर मजलाच खाली येतो.

शिअरचे, म्हणजे आडवे कापू पाहणाऱ्या बलाचे, तसेच. कॉलमवरचे शिअर बल विश्लेषणातून उचलून चालत नाही. बीमची टोके पूर्ण ताकदीने वाकली असताना किती बल येईल ते, वरच्या १७९ ला १.४ ने गुणून मजल्याच्या उंचीने भागून काढावे, आणि दोन्हींतले मोठे घ्यावे. आपल्याकडे ते ८४ किलोन्यूटनच्या आसपास येते.

पायरी ६: रिंगा

कॉलमच्या दोन्ही टोकांना विशेष बंदिस्त भाग असतो. त्याची लांबी कॉलमची मोठी बाजू, मोकळ्या उंचीचा सहावा भाग आणि ४५० मिलिमीटर यांतली सर्वांत मोठी घ्यायची, म्हणजे इथे ४५०. या भागात रिंगांचे अंतर लहान बाजूच्या चौथ्या भागाहून (८७), उभ्या सळईच्या व्यासाच्या सहापटीहून (१२०) आणि १०० मिलिमीटरहून अधिक नको. आपण ८० ठेवू. पुष्कळसे ड्रॉइंग इथेच थांबते आणि ‘८ मिलिमीटरच्या रिंगा, ८० अंतरावर’ असे लिहून मोकळे होते. पण अंतराखेरीज रिंगेच्या क्षेत्रफळाचेही सूत्र आहे. ४० मिलिमीटर कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) धरून ते आपल्या कॉलमला लावल्यास ८ मिलिमीटरची रिंग पुरत नाही. १० मिलिमीटरची रिंग आणि मधल्या सळयांना दोन्ही दिशांनी एकेक आडवा टाय घातला तेव्हा लागणारे ७७ चौरस मिलिमीटर १० च्या सळईच्या ७८.५ मध्ये जेमतेम बसतात. छोट्या कॉलममध्ये कव्हरचा वाटा मोठा असल्याने हे घडते, आणि नेमके छोट्याच कॉलममध्ये कोणी ते तपासत नाही.

बीमच्या टोकांना प्रभावी खोलीच्या दुप्पट लांबीत, इथे साधारण ९०० मिलिमीटर, रिंगांचे अंतर १०० हून अधिक नसावे, आणि पहिली रिंग कॉलमच्या चेहऱ्यापासून ५० मिलिमीटरच्या आत असावी. टोकाशी खालची सळई वरच्या सळईच्या निम्म्याहून कमी नको. या लांबीत किंवा जॉइंटच्या आत लॅप (दोन सळया एकमेकींवर चढवून केलेला जोड) देऊ नये.

पायरी ७: हिशेबाबाहेर राहणाऱ्या गोष्टी

जिन्याच्या मधल्या लँडिंगचा बीम कॉलमच्या अर्ध्या उंचीवर येऊन मिळतो आणि त्या कॉलमचे दोन आखूड तुकडे करतो. आखूड कॉलम जास्त ताठ असल्याने जास्त बल खेचतो आणि शिअरमध्ये फुटतो. खिडकीखालच्या अर्ध्या भिंतीत अडकलेल्या कॉलमचे आणि उतारावरच्या आखूड कॉलमचे तेच होते. अशा कॉलमांना पूर्ण उंचीभर ८० च्या अंतराने बंदिस्त रिंगा द्याव्यात आणि जिना मॉडेलमध्ये घालावा. गच्चीवरची पाण्याची टाकी वजनाच्या केंद्राजवळ ठेवावी आणि तिचे कॉलम खालच्या कॉलमांवरूनच न्यावेत. शेजारच्या इमारतीपासूनचे अंतर ठरवताना मॉडेलमधले सरकणे कमी केलेल्या बलाचे आहे, खरे सरकणे त्याच्या कितीतरी पट असेल, हे ध्यानात ठेवावे.

पायरी ८: ड्रॉइंगमधून साइटवर

रिंगेचा हुक १३५ अंशांत वळलेला आणि त्याची शेपटी व्यासाच्या सहापट, पण किमान ६५ मिलिमीटर, कॉलमच्या गाभ्यात शिरलेली हवी. फिटर सवयीने ९० अंशांत वळवतो, कारण ते जलद होते आणि रिंग बसवणेही सोपे जाते. कव्हर निखळले की ९० अंशांचा हुक उघडतो आणि रिंग उरत नाही. पहिल्या दिवशी एक रिंग समोर वळवून घेऊन ती नमुना म्हणून साइटवर टांगून ठेवावी आणि हुकचे चित्र ड्रॉइंगवर मोठ्या मापात काढावे. सळई ‘डी’ दर्जाचीच आहे ना, याची खात्री मिलच्या दाखल्यावरून करावी. नुसत्या ५०० च्या आकड्यावर विसंबू नये.

कॉलमचा लॅप स्लॅबच्या लगेच वर देण्याची प्रथा सर्वत्र आहे आणि ती बंद करायला सर्वाधिक वाद घालावा लागतो. लॅप मोकळ्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागातच हवा, आणि एका जागी निम्म्याच सळयांचा. एम२५ मध्ये २० मिलिमीटरच्या सळईला सुमारे ९७० मिलिमीटर लॅप लागतो, तर आपला मधला अर्धा भाग अवघा १,२५० मिलिमीटर आहे. एकाच मजल्यावर दोन टप्प्यांत लॅप बसत नाहीत. तेव्हा निम्म्या सळया या मजल्यावर आणि उरलेल्या पुढच्या मजल्यावर जोडाव्यात आणि कापण्याच्या लांब्यांचा तक्ता सळई साइटवर येण्यापूर्वी कंत्राटदाराच्या हाती द्यावा. सळया कापून झाल्यावर हा मुद्दा काढला तर कोणी ऐकत नाही.

शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न जॉइंटमधल्या रिंगांचा. बंदिस्त रिंगा बीमच्या खोलीतूनही सलग जायला हव्यात. प्रत्यक्षात बीमचा सांगाडा सेंटरिंगवर उचलून बांधला जातो आणि मग खाली सोडला जातो. तो बसल्यावर त्या पाऊण हाताच्या जागेत रिंग घालायला वाव उरत नाही, म्हणून ती गाळली जाते. यासाठी जॉइंटच्या सहा-सात रिंगांचा जुडगा चार बारीक उभ्या सळयांना ८० च्या अंतराने आधीच बांधून घ्यावा, बीमचा सांगाडा वर असतानाच तो कॉलमच्या सळयांतून उतरवून बीमच्या सळया त्यातून ओवून घ्याव्यात, आणि दोन्ही एकदम खाली सोडावेत. मधले टाय नंतर हाताने अडकवता येतात. जॉइंटमध्ये गर्दी होत असल्याने तिथे बारीक खडीचे काँक्रीट आणि बारीक सुईचा व्हायब्रेटर ठरवून ठेवावा. स्लॅब भरण्याच्या आदल्या संध्याकाळी तपासणीला जाताना स्लॅबच्या जाळीपेक्षा आधी प्रत्येक जॉइंटमध्ये बॅटरीचा झोत टाकून रिंगा मोजाव्यात, आणि त्या कमी भरल्या तर भरणीच्या परवानगीवर सही करू नये.